वणवा-टेहळणीच्या जुन्या माथ्यावर कसं जावं

गोव्यात रविवारी डोंगराकडे निघालेल्या माणसाला विचारा, तो धबधब्याचं नाव सांगेल. वणव्यावर नजर ठेवायला माणसं जिथे बसत त्या माथ्यावर जाणारा क्वचितच भेटतो. तिथे उरलेलंही फारसं नसतं. फार तर खांबांचे कुजके बुंधे, नाहीतर चिऱ्यांचा चौथरा. पण या जागा निवडल्याच होत्या लांबवर दिसावं म्हणून, तेव्हा जायचं ते तिथून काय दिसतं ते बघायला.

आधी जागा शोधा. गुगलच्या नकाशावर या जागांच्या खुणा नसतात, म्हणून पायथ्याच्या वाड्यावर चहा घ्या आणि जाणत्या माणसाला विचारा, ‘वॉच टॉवर खंय आशिल्लो?’ म्हणजे टेहळणीचा मनोरा कुठे होता. वनरक्षक भेटला तर उत्तमच. डोंगर चढायची सवय नसेल तर खोतीगाव अभयारण्यापासून सुरुवात करा. काणकोणातलं हे 1968 सालचं अभयारण्य सुमारे 86 चौरस किलोमीटरचं आहे आणि झाडावरच्या उंच मचाणासाठी ते ओळखलं जातं. मचाणाच्या फळ्या चढण्याजोग्या आहेत का, हे फाटकावरच विचारून घ्या. हे मचाण पाणवठ्यावर येणारी जनावरं बघायला बांधलेलं, म्हणजे तिथून नजर खाली जाते. वणवा-टेहळणीच्या माथ्यावरून ती क्षितिजाकडे जाते. दोन्ही जागांवर बसून बघितलं की फरक कळतो.

मग परवानगी. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यांच्या हद्दीत वनखात्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. परिक्षेत्र वन कार्यालयात सकाळी जा आणि वाट, माणसं, परतायची वेळ हे सगळं सांगा. वाटाड्या गावातलाच घ्या. त्याचे पैसे आधी ठरवा आणि नंतर घासाघीस करू नका.

दिवस कोणता? माझ्या मते डिसेंबर ते जानेवारीअखेर. हवा स्वच्छ असते, गवत पिवळं पडलेलं असलं तरी अजून पेटायला बसलेलं नसतं. शिगम्याच्या सुमारास मात्र डोंगर टाळावा. काजूच्या बागांतला पालापाचोळा जाळायचे दिवस तेच, आणि एक ठिणगी वाऱ्याने सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कातळपठारावर, गेली की आवरत नाही. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात लागलेले वणवे विझवायला नौदल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांतून पाणी टाकावं लागलं होतं.

पाठीवर माणशी तीन लिटर पाणी, भाकरी-चटणी, शिट्टी आणि होकायंत्र. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पँट मोज्यात खोचलेली. काडेपेटी आणि बिडी गाडीतच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 30 व्या कलमानुसार अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडायला मनाई आहे. वाटेत राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, ठिकाण लागलं तर नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, पण उदबत्ती लावू नका. राखणदार समजून घेईल.

साडेसहाला चालायला लागा. जांभ्याच्या दगडावर हात टेकण्याआधी बघा, कारण फुरसं त्याच रंगाचं असतं. वाटेत गवा दिसला तर उभं राहायचं, त्याला जाऊ द्यायचं. फोटोसाठी पुढे सरकायचं नाही.

माथ्यावर पोचलात की पहिल्यांदा निराशा होईल, कारण राबता सुटल्यापासून झाडं वाढलेली असतात. फांद्या तोडू नका. चौथऱ्याभोवती हळूहळू फेरी मारा, कुठेतरी फट सापडतेच. तिथे किमान अर्धा तास बसा. सकाळचं धुकं दरीत आडवं पडून राहतं आणि ऊन चढलं की विरतं. काजूची दारू गाळायच्या भाटीचा धूर बारीक असतो, रोज त्याच जागेवरून निघतो. खाणीच्या वाटेची धूळ लाल असते. वणव्याचा धूर मुळाशी रुंद असतो, वाऱ्याबरोबर झुकतो आणि बघता बघता त्याचं बूड सरकतं.

आता खरी गंमत. होकायंत्र आडवं धरा, किल्ल्या आणि स्टीलची बाटली दूर ठेवा आणि धुराची दिशा अंशात मोजा. एका माथ्यावरून फक्त एक रेघ मिळते. दुसऱ्या माथ्यावरूनही तोच धूर मोजला की दोन रेघा जिथे छेदतात तिथे आग. अमेरिकेत 1910 च्या भीषण वणव्यांनंतर टेहळणी चौक्यांचं जाळं वाढलं, तिथेही काम याच हिशेबाने चालायचं. हात हलला तर काय होतं? पाच अंशांची चूक दहा किलोमीटरवर जवळजवळ 900 मीटरची होते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था आज उपग्रहांवरून आगीचे इशारे पाठवते, आणि त्यातल्या एका संवेदकाच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर सुमारे 375 मीटरचा असतो. उपग्रह दिवसातून मोजक्याच वेळा वरून जातो. बसलेला माणूस मात्र दिवसभर बघत असायचा.

धूर खरंच वणव्याचा वाटला तर विझवायला धावू नका. फोनला रेंज असेल तर 112 किंवा 101 वर कळवा. जवळचा गाव, दिशा, वेळ आणि तुमची जागा सांगा. आग खालून वर येत असेल तर वर पळू नका. उतार दहा अंशांनी चढा झाला की ती साधारण दुप्पट वेगाने चढते. आडवं सरका आणि उघडा सडा किंवा आधीच जळालेली जमीन गाठा.

उतरायला दोन वाजता सुरुवात करा, कार्यालयात परत आल्याचं सांगा. घरी आल्यावर कपडे थेट गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करताना काखा, कानामागे, गुडघ्यामागे गोचीड चिकटलेली आहे का ते तपासा. 2015 पासून सत्तरीत माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि हा ताप मुख्यतः गोचिडीतून येतो. वाटेत माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. पंधरवड्याच्या आत ताप भरला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आधी सांगा.