अ‍ॅक्टिव्ह स्पीकर घेताय? आधी प्लगपॉइंट बघा

अ‍ॅक्टिव्ह स्पीकरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्यामुळे जुन्या अ‍ॅम्पच्या स्पीकर टर्मिनलची वायर त्याच्या लाइन इनपुटला (ते फक्त कमी ताकदीचा सिग्नल घेतं) कधीही जोडू नका, इनपुट जळू शकतं. अ‍ॅम्पला प्री-आउट (ताकद वाढवण्याआधीचा सिग्नल देणारं आउटपुट) असेल तर तिथून सिग्नल घ्या, नाहीतर व्हॉल्यूम असलेल्या डॅकमधून (डिजिटल संगीताचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्रातून) थेट. डॅक फिक्स्ड आउटपुटवर, म्हणजे कायम पूर्ण पातळीवर राहिला, तर पहिलंच गाणं शेजाऱ्यांच्या घरात.

खरी डोकेदुखी गुणगुणीची. दोन्ही स्पीकरना वीज लागते, आणि नाशिकच्या पंचवटीतल्या जुन्या वाड्यात प्लगला अर्थिंग असेलच असं नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मग डॅक आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. तरीही गुणगुण? स्पीकर बंद करून सिग्नलची केबल काढा, पुन्हा चालू करा. आवाज गेला तर बहुधा ग्राउंड लूप (उपकरणांच्या अर्थिंग आणि केबलमधून तयार झालेलं वर्तुळ): डॅक आणि स्पीकर दोन्हींना बॅलन्स्ड (गुणगुण रद्द करणारी) जोडणी असल्यास तीन पिनांची एक्सएलआर केबल, नसल्यास सिग्नलच्या वाटेत ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (सिग्नल जाऊ देतो, तारांचा थेट जोड तोडतो). अर्थची पिन मोडण्याचा 'जुगाड' मात्र जिवावर बेतेल.

चालू करताना स्पीकर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर दर वेळी 'धप्प'!