ताइको मढवताना खिळ्यांची आखणी: या वेळची तयारी

मागच्या ताइकोचा, म्हणजे जपानी ढोलाचा, एक दात पडलाय. खिळ्यांची ओळ सगळीकडे सारखी आणि एकाच जागी खिंडार. रोज समोर दिसतं, म्हणून या वेळी आधीच लिहून ठेवतोय.

पिंप तयार आहे. जपानात केयाकी या झाडाचा अखंड ओंडका कोरतात; कॅलिफोर्नियात ते आपल्या खिशाबाहेरचं, म्हणून लॉस एंजेलिसच्या किन्नारा ताइको या वादक गटाने इथे रुळवलेलं वाइनचं पिंपच बरं. हातोडी, कातडं ताणायला जॅक आणि दोर आहेतच. खिळे दोन्ही तोंडांना, दोन-दोन ओळी, ६४ प्रमाणे २५६. वर वीसेक जास्तीचे घ्या, ओकच्या लाकडात वाकतात.

आता मुख्य गोष्ट. घेराचं माप कातड्यावरून घ्यायचं. लाकडावरून नाही. मागच्या वेळी मी कोरड्या पिंपाला कागदी पट्टी गुंडाळली, शहाण्यासारखे ६४ भाग पाडले आणि खूश झालो. पिंपाचं तोंड ५५ सेंटिमीटर, म्हणजे घेर १७३च्या आसपास, दोन खिळ्यांत २.७. पण कातडं ३ मिलिमीटर जाड. ते दोन्ही बाजूंनी धरा, व्यास ६ मिलिमीटरने वाढला, घेर जवळजवळ १.९ सेंटिमीटरने. शेवटच्या फटीत २.७च्या जागी ४.६! मध्ये एक खिळा घुसवून पाहिला, तर टोप्या एकमेकींना टेकल्या. उपटला, तर कातड्याला भोक. ते अजून आहे.

तर पट्टी कातड्यावरून. तीही शेवटचा ताण देऊन झाल्यावर. आधी खुणा केल्यात तर कातड्याबरोबर त्याही सरकतात. ओल्या कातड्यावर कागद लगदा होतो, म्हणून घेर प्लास्टिकच्या पट्टीने घ्या आणि तेवढा कागद कोरड्या टेबलावर कापा. चार वेळा अर्ध्यात घडी घाला, सोळा भाग होतील. पुढे घडी जाड होऊन चुकते, तेव्हा प्रत्येक भागाचे चार मोजपट्टीने मोजून पाडा. मग त्या खुणा प्लास्टिकवर उतरवा. कातड्यावर खूण आरीच्या टोकाने करा, पेनची शाई पसरते.

आपल्या ढोलाची दोरी पुन्हा ओढता येते. इथे खिळा बसला की ताण कायमचा, त्यामुळे ठोकायची घाई नको. घड्याळाचे बारा, सहा, तीन, नऊ, मग त्यांच्या मधले. आधी खिळ्याहून बारीक भोक पाडून घ्या. आणि पुन्हा विचारतो, माप कशावरून घेतलंत?

दुसरी ओळ मोजू नका. पिंप खाली फुगतं, घेर बदलतो. वरच्या दोन खिळ्यांच्या मधोमध खाली उतरा, तिथे ठोका.

वाळवणं सावलीत. कडेचं जास्तीचं कातडं पूर्ण वाळल्यावर कापा. दुसरं तोंड तसंच, फक्त पट्टी नवी, त्याच्याच कातड्यावरून घेतलेली.