नैसर्गिक प्रसाधनांकडे वळताय? आधी आपलं पाणी आणि ऊन बघा

"अक्का, मला सगळं नॅचरल करायचंय. कुठून सुरू करू?" जुळे सोलापुरातल्या माझ्या छोट्या पार्लरमध्ये हल्ली हा प्रश्न सारखा येतो. मी उलट विचारते, घरात काय काय आहे ते सांग. मग यादी निघते: अर्धा शाम्पू, दोन-तीन लिपस्टिक, लग्नात आलेला गिफ्ट सेट, अजून न उघडलेली क्रीमची डबी. ते सगळं आधी संपवा. चांगली बाटली पर्यावरणाच्या नावानं कचऱ्यात टाकायची आणि त्याच नावानं दुसरी कुरिअरनं मागवायची, यात पर्यावरणाचं काय भलं झालं? लगेच टाकायच्या गोष्टी दोनच. मुदत संपलेलं काजळ आणि ज्यानं खाज सुटते ते काहीही.

दुसरं, तीन वेगवेगळ्या गोष्टींची एकच मोट बांधू नका. वस्तू कशापासून बनली, ती बनवताना जनावरांवर चाचणी झाली का, आणि वापरून झाल्यावर तिचं व तिच्या डबीचं काय होतं, हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि दुकानदाराला वेगवेगळेच विचारायचे. लिपस्टिकचा लालभडक रंग बऱ्याचदा कारमाइनचा असतो. कोचिनील नावाचे किडे वाळवून त्यापासून तो काढतात. म्हणजे शंभर टक्के नैसर्गिक! माझ्या गिऱ्हाइकांत लिंगायत आणि जैन घरातल्या बायका बऱ्याच आहेत. ओठाला काय लावलंय हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. उलट एखादा रंग पूर्णपणे प्रयोगशाळेत तयार झालेला असतो आणि त्यात कुठल्याही प्राण्याचा अंश नसतो.

म्हणून पुढच्या बाजूचं पान-फूल बघू नका, पाकीट उलटं करा. मागं घटकांची यादी असते, जास्त प्रमाणातल्या घटकापासून कमीकडे जाणारी. 'कोरफडयुक्त' म्हणवणाऱ्या क्रीममध्ये कोरफड यादीच्या पार शेपटीला असली, तर काय ते समजा. कारमाइन तिथं बऱ्याचदा 'सीआय ७५४७०' अशा आकड्यात लपलेलं असतं. 'लॅनोलिन' म्हणजे मेंढीच्या लोकरीतली चिकटाई, 'सेरा अल्बा' म्हणजे मधमाशीचं मेण, 'सोडियम टॅलोएट' म्हणजे जनावराच्या चरबीपासूनचा साबण. काही पाकिटांवर हिरवा ठिपका असतो. तो घटकांबद्दल बोलतो, चाचणीबद्दल नाही.

चाचणीचं सांगायचं तर भारतात प्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ सालीच बंदी आली, आणि अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांच्या आयातीवरही त्याच वर्षी. युरोपीय संघात विक्रीवरची पूर्ण बंदी २०१३ची. म्हणजे इथं बनलेल्या साध्या टाल्कम पावडरीवर ससा काढून 'क्रुएल्टी-फ्री' (प्राण्यांवर चाचणी न केलेलं) लिहिलं, तर कंपनीनं कायदा पाळलाय एवढंच म्हणायचं, वर मोठे उपकार केलेत असं नाही. प्रश्न उरतो तो कंपनी बाहेरच्या देशात काय करते आणि कच्चा माल कुठून घेते याचा. त्यासाठी खरं प्रमाणपत्र लागतं. 'लीपिंग बनी' हे चिन्ह मिळवायला कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंतची खात्री द्यावी लागते आणि तपासणीला तयार राहावं लागतं. 'पेटा' या प्राणीहक्क संस्थेची यादी मुख्यतः कंपनीनं लिहून दिलेल्या हमीवर चालते. तिसरा ससा कंपनीच्या चित्रकारानं आपल्या मनानं काढलेला असतो. तो ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव शोधणं. दोन मिनिटांचं काम आहे.

आता आपल्या गावाचं. इंटरनेटवरचे बहुतेक उपाय मऊ पाण्याच्या गावांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड, आणि मधल्या काळात बोअरचं. बोअरचं पाणी जड. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमची साबणाशी गाठ पडली की पांढरा साका तयार होतो. बादलीच्या कडेला दिसतो तोच साका केसांवर बसतो आणि केस दोरीसारखे होतात. त्यामुळे 'नैसर्गिक शाम्पू वडी' म्हणून विकला जाणारा हातानं बनवलेला साबण आपल्या पाण्यात केसांना सहसा मानवत नाही, मग तो कितीही शुद्ध तेलाचा असो. घ्यायचीच असेल तर ती वडी साबणाची आहे की साबणरहित, हे आधी विचारा.

शिकेकाई-रिठ्याचं तसं नाही. त्यांच्यातला फेस सॅपोनिनचा असतो, आणि सॅपोनिन जड पाण्यात साका धरत नाही. लांब केसांना शिकेकाईच्या आठ-दहा शेंगा, बिया काढलेले चार रिठे आणि मूठभर सुका आवळा तीन ग्लास पाण्यात रात्री भिजत घाला. सकाळी दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार झाल्यावर हातानं कुस्करा आणि जुन्या सुती कापडातून गाळा. बाजारची पूड पाण्यात कालवून डोक्यावर थापू नका. ती केसांतून निघता निघत नाही आणि तेवढं पाणी आपल्याकडे आहे कुठं? गाळलेला काढा दोन मगांत काम करतो. डोळे मात्र घट्ट मिटा, फार झोंबतं. रिठा जास्त झाला तर केस कोरडे पडतात, म्हणून आपल्या हवेत तो हात राखूनच घ्यायचा. उरलेला काढा फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, पुढं आंबतो.

पहिले काही आठवडे केस खरखरीत लागतील. बायका इथंच कंटाळून शाम्पूवर परत जातात. होतं असं की आधीच्या शाम्पू-कंडिशनरमधल्या सिलिकोनचा गुळगुळीत थर उतरत असतो आणि खाली आपले खरे केस हाताला लागतात. शेवटच्या तांब्यात अर्ध्या लिंबाचा रस घाला, जड पाण्याचा थर सुटायला मदत होते. तेल भरपूर चोपडलेलं असेल तर एका काढ्यात निघणार नाही. तेलच कमी लावा.

तेलावरून सांगते. सोलापूर म्हणजे करडईचा मुलूख. करडईवरचं संशोधनही इथं चालतं. आणि आपण ऑलिव्ह तेल शोधत फिरतो! घाण्याचं करडई तेल पातळ असतं, अंगाला चिकट लागत नाही, आंघोळीनंतर ओल्या अंगावर चार थेंब पुरतात. फक्त बाटली लहान घ्या, कारण हे तेल उन्हाळ्यात लवकर खवट होतं. पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या काही बायका माझ्याकडे येतात. तेंदूच्या पानांनी त्यांची बोटं कोरडी पडून चिरलेली असतात. त्यांना मी कुठलंही महागडं हँड क्रीम सांगत नाही. रात्री करडईचं तेल आणि वर जुने सुती मोजे. टाचांच्या भेगांना कोकणातलं कोकमाचं घट्ट तेल, त्याआधी वजरीनं घासून. प्लास्टिकचे दाणे असलेल्या स्क्रबची गरजच पडत नाही.

अंगाला लावायला मसुराच्या डाळीचं पीठ, त्यात थोडा नागरमोथा आणि गव्हला कचोरा. दिवाळीचं उटणं दिवाळीपुरतंच ठेवायचं असं कुणी सांगितलं? काष्ठौषधींच्या दुकानात हे सगळं सुट्टं मिळतं. मधल्या मारुतीच्या बाजूला चक्कर मारली की काम होतं, घरची पिशवी नेली तर प्लास्टिकही टळतं. मुलतानी माती आपल्या कोरड्या हवेत जपून वापरा. तेलकट त्वचेला ठीक, बाकीच्यांनी चेहऱ्यावर पूर्ण वाळू देऊ नका.

मेकअप पुसायला कापसाचे गोळे विकत घेणाऱ्या सोलापूरकराला मी काय म्हणू! टॉवेलचं गाव आपलं. जुन्या टेरी टॉवेलचे तळहाताएवढे तुकडे कापा, कडा शिवून घ्या, धुवा आणि परत वापरा. पार्लरमध्ये मी हेच वापरते, आठवड्याचे तुकडे एकदम उकळून धुते.

साबण घेताना 'टीएफएम'चा, म्हणजे साबणातल्या एकूण स्निग्ध द्रव्याचा, आकडा बघा. टॉयलेट सोपमध्ये पहिल्या प्रतीला हे प्रमाण ७६ टक्के किंवा वर लागतं, 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत ४० टक्क्यांवरही चालतं. आकडा वरचा असेल तर त्वचा सहसा कमी ओढली जाते.

कोरफड घरच्या कुंडीतली घेत असाल तर पान कापून थोडा वेळ उभं ठेवा. पिवळा चीक पूर्ण गळू द्या, पान धुवा, मगच आतला पारदर्शक गर काढा. 'कोरफडीनं आग झाली' म्हणून येणाऱ्या बहुतेकींना त्या चिकाचाच त्रास झालेला असतो.

जे करू नका म्हणून मी अगदी भांडते, ते म्हणजे चेहऱ्याला लिंबू. केसांच्या पाण्यात चालतं, चेहऱ्यावर नाही. लिंबाचा रस लावून मे महिन्यात बाहेर पडलात, तर त्या रसावर ऊन पडून त्वचा भाजल्यासारखी होते आणि डाग महिनोन् महिने राहतात. खाण्याच्या सोड्याचंही तेच, तो चेहऱ्याला फार तीव्र. आणि सनस्क्रीन घरी बनत नाही. खोबरेल तेल, गाजराचं तेल, काहीही सांगोत, पारा ४२-४३ला पोचतो त्या गावात त्यावर विसंबू नका. विकतचंच घ्या, झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ३० किंवा वर, चाचणीचं प्रमाणपत्र बघून. चेहरा आणि मानेला दोन बोटांवर मावेल एवढं. वरून सुती स्कार्फ आहेच.

नैसर्गिक वस्तूही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची आणि दोन दिवस थांबायचं. मेंदीला तर हे लागूच. खऱ्या मेंदीचा रंग नारिंगी ते तपकिरी-लाल, तो काळा कधीच येत नाही. 'काळी मेंदी' म्हणून विकतात त्यात बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर सोडत नाही, पुढं साधा हेअर डायही सोसत नाही. केस काळे हवेत तर आधी मेंदी लावून धुवा, मग निळीच्या पानांची पूड लावा. दोन टप्पे, वेळ जातो, पण होतं. (कपड्यांची नीळ नव्हे ओ! हे सांगावं लागतं.)

टिकलीकडे कुणी बघत नाही. मागच्या गोंदातल्या रसायनानं काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो. कपाळाला खाज आली की टिकली बंद आणि त्वचेच्या डॉक्टरांकडे. कुंकू लावायचं तर हळदीपासून बनवलेलं शोधा.

वॅक्स घरी सहज होतं: दोन वाट्या साखर, पाव वाटी लिंबाचा रस, पाव वाटी पाणी. मंद आचेवर मधाच्या रंगापर्यंत आटवा. थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची मऊ गोळी वळली की उतरवा, आणि नीट कोमट होईपर्यंत हात लावू नका. हे पाण्यात विरघळतं, त्यामुळे कापडाच्या पट्ट्या धुऊन परत वापरता येतात.

काही ठिकाणी मात्र तत्त्वांची आपापसात जुंपते. खारीच्या किंवा बकरीच्या केसांचा ब्रश नको म्हटलं तर कृत्रिम केसांचा घ्यावा लागतो, आणि तो प्लास्टिकचाच. मी कृत्रिम घेते आणि धुऊन वर्षानुवर्षं चालवते. बांबूच्या टूथब्रशलाही तार बहुतेक नायलॉनचीच असते. सॅशे मात्र बिनदिक्कत बंद करा. शाम्पूची रिकामी बाटली भंगारवाला घेतो, सॅशेकडे तो बघतही नाही.

शेवटी, घरगुती माल विकणाऱ्यांबद्दल. प्रसाधनं विकायला बनवायची तर उत्पादनाचा परवाना लागतो, बचत गटालाही. वडीवर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि घटक असतील तर मी आनंदानं घेते, चार पैसे जास्त देऊन. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत काजळ-सुरम्याचे स्टॉल दिसले की हेच विचारा, कारण सुरम्यात शिसं असू शकतं आणि ते डोळ्यात घालायची वस्तू नाही. "घरीच बनवतो की ओ, लायसन कशाला?" असं उत्तर आलं, तर शेजारच्या स्टॉलवर कडुनिंबाचे कंगवे असतात. तो एक घ्या आणि पुढं चला.