अँकर व्हायचंय? आधी असाइनमेंट डेस्कवर बसा

मराठी वृत्तवाहिनीत अँकर व्हायचं आहे, काय करू, असं विचारणारी मुलंमुली मला सतत भेटतात. कुणी मास मीडियाची पदवी घेतलेली असते, कुणी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मुंबई विद्यापीठात पत्रकारिता शिकत असतं, कुणी तालुक्याच्या गावी स्वतःचं यूट्यूब चॅनेल चालवत असतं. त्यांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: आता टीव्हीवर बातम्या बघतं कोण? प्रश्न रास्त आहे. मी आधी असाइनमेंटवर, म्हणजे रिपोर्टर पाठवायचे आणि त्यांच्याकडून बातम्या घ्यायच्या त्या डेस्कवर, आणि नंतर बुलेटिन प्रोड्युसर म्हणून पीसीआरमध्ये, म्हणजे बुलेटिन जिथून चालवलं जातं त्या नियंत्रण कक्षात, बरीच वर्षं काम केलं. प्रेक्षक कमी होताना आणि अँकरचा दर्जा घसरताना मी आतून पाहिलं आहे. या दोन्हींचं मूळ एकच आहे, फील्डवरची बातमीदारी कमी झाली, असं माझं ठाम मत आहे. ते समजून घेऊन या क्षेत्रात या.

२००७ मध्ये झी २४ तास आणि स्टार माझा सुरू झाली, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत आणि साम आली. त्या काळात वाहिनीचं बळ मोजलं जायचं ते रिपोर्टर किती ठिकाणी आहेत यावर. रिपोर्टर, कॅमेरामन, गाडी, थेट प्रक्षेपणाची ओबी व्हॅन हा सगळा खर्चाचा मामला असतो. उत्पन्न मात्र जवळपास पूर्णपणे जाहिरातींवर, आणि वाहिन्या वाढल्या तशी ती जाहिरात वाटली गेली. मग काटछाट सुरू झाली ती फील्डवर. पूर्णवेळ रिपोर्टरच्या जागी बातमीमागे पैसे घेणारा स्ट्रिंगर आला. स्टुडिओत मात्र चार पाहुणे व्हिडिओ कॉलवर घेतले की तासभराचा कार्यक्रम जवळपास फुकटात होतो. चर्चेचे कार्यक्रम वाढले ते या हिशेबामुळे. चर्चा गाजायला हवी, म्हणून आवाज चढवणारा अँकर पसंत पडू लागला. ज्याला फील्डवरची माहिती आहे, त्याची गरज उरली नाही.

याला टीआरपीची, म्हणजे कार्यक्रम किती बघितला जातो त्या आकड्याची, जोड मिळाली. हे यंत्र कसं चालतं हे तुम्हाला माहीत हवं, कारण उद्या तुमच्या कार्यक्रमाचं भवितव्य त्यावर ठरेल. बार्क ही संस्था निवडक घरांमध्ये मीटर बसवते. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती ओळखतो. घरातला प्रत्येक माणूस टीव्हीसमोर बसताना आपल्या नावाचं बटण दाबतो. देशात टीव्ही असलेली सुमारे २३ कोटी घरं आणि मीटर सुमारे ५८ हजार. यातला मराठी बातम्या बघणाऱ्यांचा वाटा काढला तर किती थोड्या घरांवर सगळा खेळ चालतो ते लक्षात येईल. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा गुन्हा दाखल केला, बार्कने वृत्तवाहिन्यांचे आकडे थांबवले आणि ते थेट मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले, तेही चार आठवड्यांच्या सरासरीने. त्याशिवाय लँडिंग पेजचा प्रकार आहे. सेट-टॉप बॉक्स सुरू केला की जे चॅनेल आपोआप लागतं, ती जागा केबलवाल्याला पैसे देऊन घेतली जाते आणि आकडा फुगतो. म्हणून कुणी ‘आम्ही नंबर वन’ म्हणाला तर हुरळून जाऊ नका. नोकरी निवडताना तिथे रिपोर्टर किती आहेत ते विचारा.

प्रेक्षक कुठे गेला हे तर तुमच्याच हातात आहे. सकाळी दहाला घडलेली घटना सव्वादहाला फोनवर पोहोचते, व्हिडिओसकट. तो माणूस रात्री आठला टीव्ही लावतो तेव्हा त्याला काय घडलं ते माहीत असतं. का घडलं, पुढे काय, माझ्यावर काय परिणाम, हे त्याला हवं असतं. ते सांगायला अँकरला विषय ठाऊक पाहिजे, आणि विषय ठाऊक नसला की आम्ही पडद्यावर लाल पट्ट्या वाढवतो.

पावसाळ्यातलं एक नेहमीचं दृश्य घ्या. कोल्हापुरात पंचगंगा वाढते आहे, रिपोर्टर पुलावर छत्री धरून उभा आहे. अँकर विचारते, ‘काय अधिक माहिती मिळतेय? नेमकी परिस्थिती काय आहे?’ रिपोर्टर हेडलाइनच पुन्हा सांगतो. मग अँकर विचारते, ‘नागरिकांमध्ये किती भीतीचं वातावरण आहे?’ दोन मिनिटं गेली, आणि घरात सामान माळ्यावर टाकायचं की नाही या विचारात बसलेल्या माणसाच्या हाती काही लागलं नाही. आता जिला विषय माहीत आहे ती अँकर काय करेल? राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे तिला पाठ असतं. ती विचारते: आत्ता किती फूट, तासाभरात किती इंच वाढलं, राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडलेत, अलमट्टीतून विसर्ग किती चालू आहे, शिरोळकडचे कोणते रस्ते बंद झालेत? पाच प्रश्न, पाच उत्तरं, आणि प्रेक्षक चॅनेल बदलत नाही. हे प्रश्न प्रॉम्प्टरवर, म्हणजे अँकर ज्यावरून बातमी वाचते त्या पडद्यावर, कुणी लिहून देत नाही. ते यायला एक पावसाळा असाइनमेंट डेस्कवर बसून जिल्ह्याजिल्ह्याच्या स्ट्रिंगरांचे फोन घ्यावे लागतात.

म्हणून माझा पहिला सल्ला: पहिली नोकरी अँकरची मिळत असली तरी आधी निदान वर्षभर डेस्क आणि फील्ड मागून घ्या. असाइनमेंटवर महाराष्ट्राचा नकाशा डोक्यात बसतो. कर्जत रायगडातही आहे आणि अहिल्यानगर जिल्ह्यातही. खेड रत्नागिरीत आहे आणि पुण्यातही. शिरूर पुण्याचं, शिरूर कासार बीडचं, शिरूर अनंतपाळ लातूरचं. ‘कर्जतमध्ये पूल वाहून गेला’ एवढंच वाचलं, तर मुंबईच्या लोकलमध्ये बसलेला आणि नगरहून निघालेला, दोघंही घाबरतात. गावांची नावं नीट उच्चारणं हाही याच कामाचा भाग आहे. एटापल्ली, भामरागड, धडगाव, अक्कलकुवा ही नावं अडखळत वाचली की तिथल्या माणसाला लगेच कळतं, आपल्या भागाशी यांचा संबंध फक्त बातमीपुरता आहे.

भाषेबद्दल एवढंच सांगते. मुंबई दूरदर्शनवर प्रदीप भिडे बातम्या वाचायचे तेव्हा लोक उच्चारांसाठीही ऐकायचे. ‘न’ आणि ‘ण’, दोन प्रकारचे ‘च’ आणि ‘ज’ यांचा सराव मोठ्याने पेपर वाचून रोज करा. तुमच्या बोलण्यात वऱ्हाडी किंवा मराठवाडी हेल असेल तर तो पुसून टाकायच्या मागे लागू नका. वाक्य स्वच्छ आणि पूर्ण असलं की हेल कुणाला खटकत नाही.

दुसरी गोष्ट लाइव्हची. अँकरच्या कानात इअरपीस असतो आणि आम्ही पीसीआरमधून टॉकबॅकवर बोलत असतो: ‘फोनो तयार आहे’ (फोनवर बोलणारा माणूस), ‘व्हिज्युअल बदलतोय’, ‘वीस सेकंदांत टॉस दे’ (पुढच्याकडे सोपव). हे ऐकत ऐकत तिला पडद्यावर वेगळंच सलग बोलायचं असतं. घरी सराव करा. एका कानात आकाशवाणीच्या बातम्या लावा आणि त्याच वेळी दुसऱ्याच विषयावर तीन मिनिटं बोला. सुरुवातीला दोन्ही विस्कटतं, हळूहळू जमतं.

११ मे २०२३. शिवसेनेतल्या फुटीवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल. दिल्लीहून ओळी एकामागून एक येत होत्या. शिंदे गटाच्या भरत गोगावले यांची प्रतोद (आमदारांना पक्षाचा आदेश बजावणारा) म्हणून केलेली निवड बेकायदा. बहुमत चाचणीला बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय चुकीचा. एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की शिंदे सरकार गेलं, आणि तसं पडद्यावर लिहायचा मोह पीसीआरमध्ये आम्हाला सगळ्यांनाच होता. आमच्या अँकरने राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आधी वाचलेली होती. तिने निष्कर्ष काढला नाही. ती एवढंच सांगत राहिली, ‘अपात्रतेचा निर्णय कुणी घ्यायचा आणि आधीची स्थिती परत आणायची का, हे दोन मुद्दे अजून यायचे आहेत.’ मग ते आले: उद्धव ठाकरे बहुमत चाचणीला सामोरे न जाता राजीनामा देऊन गेले, त्यामुळे त्यांचं सरकार पुन्हा आणता येत नाही, आमदारांच्या अपात्रतेचा निर्णय विधानसभा अध्यक्ष घेतील. त्या काही मिनिटांत तिने दाखवलेला संयम ही माझ्या मते या पेशातली सगळ्यात मोठी कमाई. गटनेता, प्रतोद आणि पक्षादेश यांतला फरक, दोन तृतीयांश आणि विलीनीकरणाची अट, हे सगळं तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. महाराष्ट्राच्या राजकारणात हे ज्ञान लवकर शिळं होणार नाही.

रात्रपाळी टाळू नका. २३ नोव्हेंबर २०१९ ला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनावर देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. त्या पहाटे जे ड्युटीवर होते, त्यांना ती बातमी मिळाली.

कायदा वाचा. हे मी कळकळीने सांगते, कारण इथे चूक झाली तर माणसं मरतात. २६/११ च्या हल्ल्यात वाहिन्यांनी कारवाई थेट दाखवली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कठोर शब्दांत बोट ठेवलं. २०१५ पासून केबल नियमांतच तरतूद आहे: दहशतवादविरोधी कारवाई सुरू असताना थेट प्रक्षेपण नाही, नेमलेला अधिकारी अधूनमधून जे सांगेल तेवढंच. आत्महत्येच्या बातम्या आणि मीडिया ट्रायल (वाहिन्यांनीच एखाद्याला दोषी ठरवणं) यांवर मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२१ चा निकाल आहे, तोही वाचा. आणि भारत-पाकिस्तान संघर्षातली मे २०२५ ची ती रात्र आठवा, जेव्हा देशातल्या अनेक वाहिन्यांनी ‘कराची बंदर उद्ध्वस्त’ इथपासून काय काय सांगितलं आणि त्यातलं बरंचसं खरं नव्हतं. स्टुडिओत हवाई हल्ल्याचे भोंगे वाजवले जात होते. लोकांना खऱ्या भोंग्याचं गांभीर्य राहणार नाही म्हणून ते थांबवा, असं सरकारला सांगावं लागलं. सीमेवरच्या गावात ज्यांचे आईवडील होते, त्यांनी ती रात्र कशी काढली असेल? प्रेक्षक विश्वास गमावतो तो अशा रात्री, आणि तो कमवायला वर्षं लागतात. प्रॉम्प्टरवर आलेली ओळ खोटी वाटली तर ‘ही माहिती अजून दुजोरा मिळालेली नाही’ एवढं म्हणण्याचा अधिकार अँकरला असतो. तो वापरायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

फक्त वाचणाऱ्याची जागा आता यंत्र घेऊ शकतं, हेही लक्षात ठेवा. २०२३ मध्ये ओडिशातल्या एका वाहिनीने एआय अँकर आणली, २०२४ मध्ये डीडी किसानने दोन आणले. राधानगरीचे दरवाजे किती उघडले हे विचारायला हवं, ही जाण ज्याच्याकडे आहे त्याला धोका कमी.

टीव्हीतच यावं असंही नाही. बीबीसी मराठी, बोल भिडू यांसारख्या ठिकाणी विषय समजावून सांगणाऱ्यांना प्रेक्षक आहे, आणि वाहिन्यांच्या डिजिटल टीममध्येही नव्या मुलांना लवकर संधी मिळते. तरी लाइव्हची शिस्त टीव्हीच्या न्यूजरूमइतकी दुसरीकडे शिकायला मिळत नाही. दोन-तीन वर्षं तिथे काढली तर पुढे कुठेही उपयोगी पडतात.

शेवटी व्यवहाराचं. नोकरी वाहिनीच्या पगारपत्रकावर आहे की कंत्राटदारामार्फत, नोटीस पिरियड किती, ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड आहे का, रात्री उशिरा घरी सोडायला गाडी मिळते का, हे सगळं लेखी घ्या. ‘आधी फुकट काम करा, मग बघू’ म्हणणाऱ्या ठिकाणी महिनोन्‌महिने अडकू नका. शोरील (आपल्या कामाचा नमुना दाखवणारा व्हिडिओ) पाठवताना मेकअप करून प्रॉम्प्टरवर वाचलेले तुकडे जोडू नका, ते सगळ्यांचे सारखेच दिसतात. तुमच्या गावातला एक प्रश्न घ्या, समजा पाणीपुरवठा योजना का रखडली. ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला), कंत्राटदाराला आणि हंडा घेऊन उभ्या असलेल्या बाईला प्रश्न विचारा. मग काहीही न कापता चार मिनिटं कॅमेऱ्यासमोर तो विषय सांगा. भरतीच्या वेळी मी हाच व्हिडिओ शेवटपर्यंत बघायचे.