पीसीओएस आहे? मग हृदयाच्या तपासण्या अशा करा

पीसीओएस म्हणजे अंडाशयातल्या संप्रेरकांचा तोल बिघडून पाळी अनियमित होण्याचा विकार. त्याची फाइल बहुतेक घरांत पाळी, पुरळ आणि मूल या तीन कारणांसाठीच उघडते. पाळी मार्गी लागली, मूल झालं, की ती कपाटात जाते. पण बऱ्याच जणींत मुळाशी असतो तो इन्सुलिनचा गोंधळ. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरकं जास्त बनवायला लावतं आणि यकृतातून ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबीही वाढवतं. त्यामुळे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात, की पीसीओएस असलेल्या प्रत्येकीची हृदयाच्या दृष्टीने तपासणी व्हावी. अंगाने बारीक असलेलीचीसुद्धा.

सुरुवात साखरेपासून करा. फक्त उपाशीपोटीच्या साखरेवर भागवू नका. पीसीओएसमध्ये ती नॉर्मल असूनही ग्लुकोज प्यायल्यावरची चढलेली सापडते. म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची जीटीटी (ग्लुकोज पिऊन साखर मोजण्याची चाचणी) करून घ्या. निदान होताना एकदा, पुढे जोखमीनुसार दर एक ते तीन वर्षांनी. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खा, कारण ती अचानक बंद केली तर आकडा उगाच चढतो. रात्री ८ ते १४ तास उपाशी राहा, साधं पाणी चालेल. पहिलं रक्त दिल्यावर २५० ते ३०० मिली पाण्यात विरघळवलेलं ग्लुकोज पाच मिनिटांत संपवा आणि पहिल्या घोटापासून दोन तास मोजा. हे दोन तास लॅबमध्ये बसूनच काढा. मधल्या वेळेत बाजार उरकला तर स्नायू साखर वापरतात आणि रिपोर्ट फसवा चांगला येतो. उलटी झाली तर ती चाचणी सोडून द्या, दुसऱ्या दिवशी नव्याने करा. दोन तासांनंतरचा आकडा (मिग्रॅ/डेसिलीटरमध्ये) १४० च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाची पूर्वपायरी, २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेहाची पातळी. घरचा नाश्ता करून दिलेली ‘पीपी’ (खाल्ल्यानंतरची साखर) ही या चाचणीची जागा घेत नाही. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी) सोयीची खरी, पण अंगात लोह कमी असेल तर ती खोटी चढू शकते, आणि आपल्याकडे बायकांत लोहाची कमतरता किती सर्रास आहे हे सांगायला नको.

लिपिड प्रोफाइलमध्ये, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या तपासणीत, बहुतेक जणी एकूण कोलेस्टेरॉल बघतात आणि निश्चिंत होतात. इथे नजर टाकायची ती ट्रायग्लिसराइड (१५० च्या आत) आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल (५० च्या वर) यांवर. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हिशेबाने काढलेला एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) भरवशाचा राहत नाही. उपाशीपोटी पुन्हा करा.

रक्तदाब वर्षातून एकदा तरी. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागून घ्या, कारण लहान पट्ट्याने आकडा खोटा वाढतो. कंबर मोजताना साडीच्या निऱ्यांवरून टेप लावू नका. शेवटची बरगडी आणि कुल्ल्याचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून मोजा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा.

पाळीच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी हे आकडे डॉक्टरांना दाखवाच. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. रक्तदाब १४०/९० किंवा वर, पस्तिशीनंतर धूम्रपान, किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून येणारी अर्धशिशी असेल तर सहसा दुसरा पर्याय निवडतात. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून गोळ्या आणणं इथेच महागात पडतं. मात्र गोळ्या नकोत म्हणून पाळी तशीच लांबवणंही बरोबर नाही. तीन-तीन महिने पाळी येत नसेल तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, त्याचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

मेटफॉर्मिन (इन्सुलिनचं काम सुधारणारी गोळी) दिली असेल तर जेवणासोबत घ्या. डोस सहसा ५०० मिलिग्रॅमपासून हळूहळू वाढवतात. एकदम वाढवला की मळमळ-जुलाब होतात आणि गोळी सुटते. वर्षानुवर्षं घेणाऱ्यांनी बी१२ जीवनसत्त्व तपासावं, ते या गोळीने कमी होऊ शकतं.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटं, धाप लागेल पण बोलता येईल अशा चालीने. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा: उठाबशा, वजनं. वजन तसूभर हललं नाही तरी इन्सुलिनचं काम सुधारतं, म्हणून काट्याकडे बघून व्यायाम सोडू नका. ताटात अर्धी भाजी-कोशिंबीर, सोबत उसळ किंवा घट्ट वरण, भाकरी मोजून. उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च. त्याऐवजी राजगिरा आणि दही बरं.

घोरणं आणि दिवसा पेंग येणं हेही डॉक्टरांना सांगा. झोपेत श्वास अडकण्याचा विकार पीसीओएसमध्ये जास्त आढळतो आणि तो रक्तदाब चढवतो.

छातीत दाब, जबडा किंवा पाठीत दुखणं, घाम, मळमळ, अचानक धाप यांतलं काही आलं आणि ओसरेना, तर ‘पित्त असेल’ म्हणून थांबू नका. महाराष्ट्रात आणि गोव्यात १०८ लावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका.