हरवलेली हाक: रनटाइममधला माझा पहिला मोठा बग

डिचोलीत घरी बसून मी फावल्या वेळात एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेच्या रनटाइमवर, म्हणजे तिचे प्रोग्राम चालवणाऱ्या भागावर, काम करायचो. त्यातली एक टेस्ट दोन-तीन हजार वेळा चालवली की एखाद्या वेळी अडकायची.

अडकलेला प्रोग्राम लगेच मारू नका. त्याला जीडीबी हा डीबगर जोडा आणि सगळ्या थ्रेडचे (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या धाग्यांचे) बॅकट्रेस घ्या, म्हणजे कोणता थ्रेड कुठल्या फंक्शनमध्ये अडकलाय ते दिसतं. जुलैत रात्री वीज गेली की माझा डेस्कटॉप बंद, पुरावाही गेला. म्हणून टेस्ट अडकताच बॅकट्रेस फाइलमध्ये उतरवणारी स्क्रिप्टच लिहिली. तिसऱ्या रात्री सापडलं: सगळे वर्कर, म्हणजे रांगेतली कामं करणारे थ्रेड, झोपलेले आणि रांगेत एक काम तसंच पडलेलं. उठवणारी हाक कुणी मारलीच नव्हती.

कोड दिसायला निर्दोष. वर्कर आधी ‘मी झोपतोय’ अशी खूण लिहितो, मग रांग शेवटची तपासतो. काम देणारा आधी रांगेत काम टाकतो, मग ती खूण वाचतो. कसंही घडलं तरी दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं कळायलाच हवं. फट रुंदावायला मी दोन ओळींमध्ये छोटा स्लीप, म्हणजे क्षणभराचा थांबा, घातला. साध्या रेसमध्ये, म्हणजे कोणता थ्रेड आधी पोचतो यावर निकाल ठरतो तिथे, अशाने बग वाढतो, इथे तो नाहीसाच झाला. प्रिंट घातल्यावरही तेच. मी पॅच पाठवायला निघालो होतो, तेवढ्यात म्हापशाचा मित्र म्हणाला, “बग गेला नाही रे, लपलाय.”

तो बरोबर होता. प्रोसेसरच्या कोअरने लिहिलेलं मूल्य आधी त्याच्या स्टोअर बफरमध्ये, म्हणजे लेखनाच्या तात्पुरत्या साठ्यात, पडतं. ते इतरांना दिसण्याआधीच पुढचं वाचन उरकू शकतं. शिस्तीचा समजला जाणारा एक्स86 प्रोसेसर सुद्धा एवढी मोकळीक घेतो. मग दोघेही जुनंच मूल्य वाचतात. माझ्या स्लीपमुळे बफर रिकामा व्हायला वेळ मिळत होता, एवढंच. डेटा रेस (एकाच जागी थ्रेडची असुरक्षित लिहा-वाच) शोधणारा थ्रेड सॅनिटायझर गप्प होता, कारण सगळी व्हेरिएबल अटॉमिक, म्हणजे एकाच वेळी सुरक्षितपणे लिहिता-वाचता येणारी होती; डेटा रेस नव्हतीच. त्या अटॉमिकवर मी वापरलेला रिलीज-अक्वायर हा क्रमाचा नियम मात्र आधीचं लेखन आणि नंतरचं वाचन यांची अदलाबदल रोखत नाही. नवशिक्याने इथे थांबून कागदावर चित्र काढावं, मीही तीन पानं भरली होती.

उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना, लेखन आणि वाचन यांच्या मध्ये, सिक्वेन्शियली कन्सिस्टंट फेन्स, म्हणजे ही अदलाबदल रोखणारं कुंपण. एकाच बाजूला घालून भागत नाही. ओळी दोनच, पण त्या का आहेत हे सांगणारी कॉमेंट मी बारा ओळींची लिहिली, नाहीतर पुढचा कुणी वेगासाठी त्या काढून टाकेल.

टेस्ट रात्रभर पास झाली, तरी मी तेवढ्यावर विसंबलो नाही. हाच नमुना चार ओळींत लिहून मेमरीच्या नियमांनुसार कोणते निकाल शक्य आहेत ते तपासणाऱ्या हर्ड7 या साधनाला दिला. फेन्सशिवाय दोघांनाही शून्य, म्हणजे जुनंच मूल्य, दिसणं शक्य, फेन्ससह अशक्य, असं उत्तर आलं. तेव्हा पॅच पाठवला.