मानवाधिकार आणि मानवतावादी कायद्याचा उन्हाळी अभ्यासक्रम: अर्जाची तयारी

आधी संस्थेचा विषय नीट बघा, नावाला भुलू नका. हेग अकादमीचे उन्हाळी वर्ग सार्वजनिक आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे असतात. इटलीतल्या सान रेमोच्या संस्थेचा भर सशस्त्र संघर्षाच्या, म्हणजेच मानवतावादी, कायद्यावर, तर फ्रेंच कायदेतज्ज्ञ रने कासँ यांनी १९६९ मध्ये स्थापलेल्या स्ट्रासबर्गच्या संस्थेचा मानवाधिकारांवर.

अर्ज घसरतो तो बहुधा हेतुपत्रात, म्हणजे हा अभ्यासक्रम का हवा ते सांगणाऱ्या पत्रात. ‘मला मानवाधिकारांची तळमळ आहे’ असं सगळेच लिहितात. निवड करणाऱ्याला त्यातून काही कळत नाही. त्याऐवजी एक प्रश्न धरा. उदाहरणार्थ, सरकार आणि बंडखोर गटाच्या संघर्षात पकडलेल्या बंडखोराला युद्धकैद्याचा दर्जा मिळत नाही, मग त्याला संरक्षण कशाचं? इथे १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांतलं समान कलम ३, त्या करारांना जोडलेला १९७७ चा दुसरा प्रोटोकॉल (पूरक करार) आणि १९६६ चा नागरी व राजकीय हक्कांचा करार, तिन्ही लागू होऊ शकतात. एवढं मांडा आणि त्या अभ्यासक्रमातला कोणता वर्ग यासाठी हवा ते सांगा. एक पान पुरे.

शिफारसपत्र देणाऱ्याला हेच हेतुपत्र आधी पाठवा, नाहीतर तो साचेबंद कौतुक लिहून मोकळा होतो. शिष्यवृत्तीची मुदत वेगळी तपासा, बऱ्याचदा ती आधी संपते. शिवाय फीमाफीत प्रवास आणि राहणं धरलेलं असेलच असं नाही.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा सामायिक व्हिसा) लागत असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. सोबत किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.